विमान जमिनीवर चालतं तेव्हा

विमान चालवायला शिकणारा नवखा विद्यार्थी पहिल्या दिवशी एक गोष्ट हमखास करतो. इंजिन सुरू झालेलं असतं, ब्रेक सुटलेले असतात, विमान रांगत पुढे सरकायला लागतं आणि समोर डावीकडे वळण येतं. मोटार चालवायची सवय असलेले हात आपोआप समोरच्या स्टिअरिंगसारख्या दिसणाऱ्या दांड्यावर जातात आणि तो दांडा डावीकडे फिरतो. विमान मात्र सरळमार्गी माणसासारखं नाकासमोर चालत राहतं. दांडा आणखी फिरवला तरी काही फरक नाही. शेजारी बसलेले सर हे रोजच बघत असतात. ते एवढंच म्हणतात, "हात मांडीवर ठेव. पायांनी चालव."

जमिनीवर विमान पायांनी वळतं. पायाखाली दोन पेडल असतात. पेडल ढकललं की शेपटीवरचं उभं रडर वळतं आणि सेसना १७२ सारख्या विमानात त्याच्या जोडीने पुढचं चाकही वळतं. त्याच पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा, उजव्याचा वेगळा. सेसनाचं पुढचं चाक नुसत्या पेडलने दोन्हीकडे साधारण १० अंश वळतं. त्याहून आखूड वळण घ्यायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबून ते ३० अंशांपर्यंत नेता येतं. डायमंड डीए-४० या विमानात तर पुढचं चाक पेडलला जोडलेलंच नसतं. ते नुसतं मोकळं फिरतं. मंद वेगात वळायचं म्हणजे या किंवा त्या बाजूचा ब्रेक हलकेच टोचायचा, दुसरा उपाय नाही. ब्रेकवर पाय ठेवूनच चालायची खोड लागली की डिस्क तापते, आणि फार तापली तर चाकाशी आग लागण्यापर्यंत वेळ येते. म्हणून वेग कमी करायचा तो आधी इंजिनाचा जोर उतरवून, ब्रेक त्यानंतर. कारण विमानाला ढकलायला चाकं नसतातच. त्याला ओढतो तो प्रोपेलर, आणि तो अगदी मंद फिरत असतानाही थोडंफार ओढतच असतो.

विमान हे जमिनीवर चालण्यासाठी बनवलेलं यंत्रच नाही, ही गोष्ट इथेच ध्यानात येते. सेसना १७२ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर लांब. खालची दोन मुख्य चाकं मात्र एकमेकांपासून जेमतेम अडीच मीटरवर. एवढा रुंद डोलारा एवढ्या अरुंद पायांवर उभा करून पुढे एक बारकं चाक लावायचं आणि म्हणायचं, चल आता. हवेत जे जे या यंत्राचे गुण, ते ते जमिनीवर त्याच्या वाटेतले अडसर. माझ्या मते विमानविद्येतला सगळ्यात दुर्लक्षित चमत्कार उड्डाणात नाहीच. हा बेढब प्राणी रोज हजारो वेळा हँगरपासून धावपट्टीपर्यंत सुखरूप चालत जातो, त्यात तो आहे.

वेग किती ठेवायचा, याचं शिकवण्यातलं माप सोपं आहे. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या पटांगणात, माणूस भराभर चालतो तेवढाच. बाजूने चालणाऱ्याला मागे टाकलंत तर सर ओरडणार. एवढ्या धिम्या वेगाला घाबरायचं काय, असं वाटतं. पण विमानाचा वेग आणि विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचा वेग हे दोन वेगळे हिशेब आहेत. गंमत सगळी इथे आहे.

पंखाला आपण उडतोय की उभे आहोत, हे कळत नाही. त्याला फक्त हवा कळते. सेसना १७२ ला हवेत तरंगून राहायला कमीत कमी ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वारा लागतो. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला की उचल पावपट होते. म्हणजे समोरून ताशी ४५ किलोमीटरचा वारा आला, तर तोच पंख जागेवर उभ्या असलेल्या विमानाच्या वजनाचा जास्तीत जास्त पाव हिस्सा उचलू शकतो. भरलेलं विमान ११०० किलोच्या पुढे, तेव्हा पावणेतीनशे किलो म्हणजे थट्टा नव्हे. वारा तिरका आला तर ही उचल दोन्ही पंखांना सारखी मिळत नाही. एका बाजूचा पंख हलका होतो, दुसऱ्या बाजूच्या चाकावर भार पडतो, त्यातच वैमानिकाने वळण जरा जोरात घेतलं तर बाहेरच्या बाजूला झुकण्याची भर पडते. अडीच मीटरच्या पायांवरचा ११ मीटरचा डोलारा मग कलतो आणि पंखाचं टोक डांबराला टेकतं.

तेव्हा मांडीवर ठेवलेल्या हातांना आता काम लागतं. तो दांडा विमान वळवत नसला तरी पंखांच्या मागच्या कडेचे एलेरॉन आणि शेपटीचं आडवं एलिव्हेटर हलवत असतोच. वारा समोरून डावीकडचा असेल तर दांडा डावीकडे, वाऱ्याच्या दिशेने फिरवायचा. डाव्या पंखाचं एलेरॉन वर उचललं जातं आणि वारा तो पंख खाली दाबून धरतो. आता विमान वळलं आणि तोच वारा मागून डावीकडून यायला लागला, तर सगळं उलट. दांडा उजवीकडे आणि पुढे. डावं एलेरॉन खाली झुकतं, शेपटीचं एलिव्हेटरही खाली झुकतं आणि मागून येणारा वारा त्या दोन्हींच्या पाठीवर पडून त्यांना जमिनीकडे रेटतो. हे केलं नाही, आणि दांडा पोटाशी ओढलेलाच राहिला, तर एलिव्हेटर वर उभं राहतं. मग मागचा वारा त्याच्या पोटाखाली शिरतो आणि शेपटी उचलतो. जुलैच्या पावसात रस्त्यावर छत्रीचं जे होतं तेच.

विमानतळावरून टॅक्सी-वेने, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेने जाताना वळणं चार-सहा तरी येतात. प्रत्येक वळणाला वारा विमानाच्या भोवती फिरतो आणि प्रत्येक वेळी हातांची जागा बदलते. कसलेला वैमानिक खिडकीतून कापडी वायुनळीकडे एक नजर टाकतो आणि दांडा न बोलता सरकवतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा उगाच काहीतरी चाळा करतोय. प्रत्यक्षात तो विमान उडवतच असतो, फक्त उंची शून्य असते.

वारा नेहमी आभाळातूनच येतो असंही नाही. मोठ्या जेटच्या मागून जाणाऱ्या छोट्या विमानाला त्या जेटच्या झोताने आडवं पाडल्याची उदाहरणं आहेत. थांबलेलं जेट हलवायला जास्तीचा जोर द्यावा लागतो, तो क्षण सर्वांत वाईट. मुंबईच्या जुहू विमानतळावर आज प्रामुख्याने हेलिकॉप्टरं असतात. जमिनीलगत तरंगणारं हेलिकॉप्टर आपल्या वजनाइतक्या जोराने हवा सतत खाली दाबत असतं आणि ती हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. शिकवण अशी की पात्यांच्या चक्राच्या व्यासाच्या तिप्पट अंतर राखा. १२ मीटरचं चक्र असेल तर निदान ३६ मीटर.

जुहूचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. १९२८ मध्ये सुरू झालेला हा आपल्याकडचा पहिला नागरी विमानतळ, आणि तो म्हणजे खाडीलगतची चिखलट सपाटी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने इथेच उतरले. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून टपालाची विमानं तेवढ्यापुरती पुण्याहून उडायची. त्या जमान्यातल्या विमानांना नाकाखाली चाक नव्हतं. दोन चाकं पुढे आणि शेपटी जमिनीवर टेकलेली. जिप्सी मॉथसारख्या विमानांना तर ब्रेकही नव्हते आणि शेपटीखाली चाकाऐवजी जमीन खरवडत जाणारी एक पट्टी असायची. नाक आभाळाकडे, त्यामुळे वैमानिकाला बरोबर समोरचं दिसायचंच नाही. मग सरळ जायचं असेल तरी नागमोडी जायचं. थोडं डावीकडे वळून उजव्या बाजूने पुढचं बघून घ्यायचं, मग उजवीकडे वळून डावीकडून. वारा जास्त असला की एक माणूस पंखाचं टोक धरून बाजूने धावायचा.

या जातीच्या विमानांची आणखी एक खोड होती. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन ते आणखी तिरकं करतं आणि पायांनी वेळेत सावरलं नाही तर शेपटी नाकाच्या पुढे यायला धावते. विमान जागच्या जागी गिरकी घेतं. पुढे चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो आणि तेच वजन विमान सरळ करायला मदत करतं. चाकाची जागा बदलली आणि खोडकर यंत्र शहाणं झालं! जुन्या घडणीची विमानं आजही हौसेने उडवली जातात आणि ती चालवणारे स्वतःला जरा वरच्या पायरीचे समजतात. मला तर तो मान त्यांना द्यायला हरकत वाटत नाही.

आता प्रोपेलरकडे येऊ, कारण जमिनीवरच्या विमानात माणसाला सर्वांत जवळचा धोका त्याचाच. सेसना १७२ एस चा प्रोपेलर टोकापासून टोकापर्यंत ७६ इंच, म्हणजे साधारण १९३ सेंटीमीटर. विमान टॅक्सी-वेवर निवांत चालताना तो मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. आकडेमोड केली तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटर वेगाने जात असतं. विमान माणसाच्या चालीने चाललेलं आणि त्याच्या नाकावरचं पातं एखाद्या रेसच्या मोटारीला लाजवणारं. पूर्ण जोराला, २७०० फेऱ्यांना, हाच वेग ताशी साधारण ९८० किलोमीटर होतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळपास ८० टक्के.

आणि एवढं होऊन ते पातं दिसत नाही. फिरायला लागलं की डोळ्यांना तिथे रिकामी जागा दिसते, फार तर धुरकट चकती. म्हणून पात्यांची टोकं पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने रंगवलेली असतात. फिरताना त्या टोकांचं एक कडं दिसतं आणि नजरेला काहीतरी धरायला मिळतं. इंजिन सुरू करण्याआधी लाल दिवा लुकलुकायला लावायचा, खिडकी उघडून "क्लिअर प्रॉप!" असं मोठ्याने ओरडायचं आणि उत्तरासाठी क्षणभर खरोखर थांबायचं, हा रिवाज त्यासाठीच.

बंद प्रोपेलरही निर्धोक नसतो. बहुतेक पिस्टन इंजिनांना ठिणगी देतो तो मॅग्नेटो, आणि त्याला बॅटरी लागत नाही. तो फिरला की स्वतःच वीज तयार करतो. चावी 'बंद'वर केली म्हणजे त्याची वीज तुटते असं नाही, ती एका तारेने इंजिनाच्या धातूत उतरवली जाते. ही तार तुटली किंवा ढिली झाली तर चावी खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. कुणीतरी सहज म्हणून पातं हाताने ढकलतं. आतली एक स्प्रिंग दाबली जाऊन खटकन सुटते, मंद फिरण्यातही ठिणगी पडावी म्हणून मुद्दाम केलेली ती सोय असते, आणि सिलिंडरमध्ये उरलेलं चिमूटभर पेट्रोल पेटतं. पात्याला अर्धा फेरा मिळाला तरी हात जायला तेवढा पुरतो. त्यामुळे जाणकार माणूस प्रत्येक प्रोपेलरला चालू प्रोपेलर समजतो, चावी कुठेही असली तरी.

पात्याचा दुसरा शत्रू खडी. प्रोपेलर जमिनीपासून हातभर उंचीवरून फिरतो. अमेरिकेच्या जुन्या नियमावलीत पुढे चाक असलेल्या विमानासाठी हे अंतर किमान ७ इंच मागितलं होतं. करकचून ब्रेक लावला की नाक दबतं आणि हे अंतर आणखी घटतं. सुट्या खडीवर जोर वाढवला की पात्याखाली हवेचा छोटा भोवरा तयार होतो आणि खडे वर खेचतो. एक खडा पात्याच्या कडेला नखाएवढी खाच पाडतो. तेवढ्यावरून तडा सुरू होऊ शकतो, कारण फिरत्या पात्याला बाहेर ओढणारा जोर काही टनांचा असतो. इंजिनिअर ती खाच कानशीने घासून गुळगुळीत करतो. उड्डाणाआधी वैमानिक पात्याच्या कडेवरून बोट फिरवतो ते नवसासाठी नव्हे. अर्थात इंजिनाच्या पुढे उभं न राहता, बाजूने.

एवढं सगळं सांभाळून विमान धावपट्टीजवळ आलं की रंगांची भाषा सुरू होते. टॅक्सी-वेवरच्या खुणा पिवळ्या, धावपट्टीवरच्या पांढऱ्या. रात्री टॅक्सी-वेच्या कडेचे दिवे निळे. काळ्या पाटीवरचं पिवळं अक्षर सांगतं तुम्ही कुठे आहात, पिवळ्या पाटीवरचं काळं अक्षर सांगतं कुणीकडे जाता येईल, आणि लाल पाटीवरचं पांढरं अक्षर सांगतं की परवानगीशिवाय एक पाऊल पुढे नाही. या सगळ्यात मला अप्रूप आहे ते धावपट्टीच्या तोंडाशी आडव्या मारलेल्या चार पिवळ्या रेघांचं. दोन अखंड, दोन तुटक. टॅक्सी-वेवरून येणाऱ्याला आधी अखंड रेघा लागतात, म्हणजे थांब. धावपट्टीवरून बाहेर पडणाऱ्याला आधी तुटक लागतात, म्हणजे ओलांडून जा, मध्ये थांबू नकोस. तीच रंगाची पट्टी एका बाजूने भिंत आणि दुसऱ्या बाजूने दार. वीज नाही, यंत्र नाही, डबाभर रंग.

पण रंग वाचता आला पाहिजे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी सकाळी इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं. सेसना सायटेशन हे छोटं जेट एप्रनवरून निघालं. त्याला आर-५ नावाच्या वाटेने जायला सांगितलं होतं, ते आर-६ वर गेलं. आर-५ धावपट्टीला वळसा घालून जात होती, आर-६ थेट धावपट्टीवर निघत होती. खुणा आणि पाट्या धड नव्हत्या. जमिनीवरची विमानं टॉवरला दाखवणारं रडार चालू नव्हतं. वाटेत वैमानिकाने एस-४ या खुणेपाशी पोहोचल्याचं कळवलं. ती खूण जमिनीवर खरोखर होती, पण टॉवरमधल्या माणसाच्या नकाशावर ती नव्हती. त्याने गृहीत धरलं की विमान दुसरीकडे, सुरक्षित बाजूला आहे. ते धावपट्टीवर पोहोचलं तेव्हा कोपनहेगनकडे निघालेलं स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८७ नाक उचलत होतं. ११८ माणसं गेली. त्यातली चार सायटेशनमधली, ११० मोठ्या विमानातली आणि चार जमिनीवर सामानाच्या इमारतीत काम करणारी. छोट्या विमानाची चुकलेली एक वाट, एवढीच सुरुवात.

टॉवरच नसलेल्या विमानतळावर काय होतं? तिथे वैमानिक एकाच रेडिओ वाहिनीवर आपापला पत्ता जाहीर करत राहतात आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतल्या क्विन्सी इथे एक बीचक्राफ्ट १९०० प्रवासी विमान उतरायला येत होतं. दुसऱ्या, छेदून जाणाऱ्या धावपट्टीच्या टोकाशी एक किंग एअर उभं होतं आणि त्याच्या मागे एक छोटं चेरोकी. उतरणाऱ्या कॅप्टनने विचारलं, पुढचं विमान थांबणार आहे की आधी उडणार? किंग एअरकडून उत्तर आलंच नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, आपण थांबलो आहोत असं. नेमकं त्याच वेळी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारं यंत्र बोललं आणि वाक्याचा काही भाग त्यात बुडाला. कॅप्टनला वाटलं, किंग एअर थांबतंय. किंग एअर निघालं. दोन धावपट्ट्यांच्या छेदावर दोघं भिडले, आग लागली आणि दोन्ही विमानांतले सगळे १४ जण गेले. उतरलेल्या विमानाचा दरवाजा धावून आलेल्या लोकांना उघडता आला नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर टॉवर असूनही असंच घडलं. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर आलं आणि उतरणारं एअरबस ए-३५० त्यावर आदळलं. टॉवरने तटरक्षक विमानाला तुमचा नंबर पहिला, असं सांगितलं होतं. ते रांगेबद्दल होतं, परवानगीबद्दल नव्हतं. तटरक्षक विमानातले पाच जण गेले, एअरबसमधले ३७९ जण सगळे बाहेर पडले. त्यानंतर जपानने रांगेतला नंबर सांगणं काही काळ बंदच केलं.

म्हणून शब्दही रंगांइतकेच मोजून वापरतात. 'टेक-ऑफ' हा शब्द टॉवर फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना उच्चारतो, एरवी 'डिपार्चर'. थांबा असं सांगितलं की 'रॉजर' म्हणून भागत नाही, कुठल्या धावपट्टीआधी थांबतोय ते विमानाच्या रेडिओवरच्या नावासह पुन्हा म्हणून दाखवावं लागतं. रेडिओ बंद पडला तर टॉवरमधून दिव्याचा झोत येतो. स्थिर लाल म्हणजे थांब, लुकलुकता हिरवा म्हणजे चाल, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालास तिथे परत जा.

हे सगळं चालू असताना वैमानिक आणखी एक काम उरकत असतो. डावीकडे वळताना होकायंत्राचे आकडे कमी होत जायला हवेत आणि वळण दाखवणाऱ्या उपकरणातली काचेच्या नळीतली गोळी उजवीकडे सरकायला हवी. उजव्या वळणाला उलट. उपकरणं खरं बोलतात की नाही, हे जमिनीवरच कळून घेतलेलं बरं.

गोंदिया, धुळे किंवा जुहूला, कुठल्याही छोट्या विमानाजवळ जायचा योग आला तर काही गोष्टी सांभाळा. लाल दिवा लुकलुकत असेल तर दूरच थांबा. बोलावल्याशिवाय जवळ जाऊ नका, आणि गेलात तर पंखाच्या मागच्या बाजूने, पुढून कधीच नाही. टोपी आणि ओढणी आवरा, लहान मुलाचा हात सोडू नका. टोपी उडालीच तर तिच्यामागे धावू नका, टोपी दुसरी मिळते.